‘निरोगी’ असल्याचा शेरा

त्या शेळीच्या तपासणीच्या कागदावर सही माझी आहे. सहीच्या वर माझ्याच अक्षरात ‘निरोगी’ असं लिहिलेलं आहे. पुढे जे झालं ते सांगताना लोक देवाचं, नशिबाचं, हवेचं नाव घेतात. म्हणून सहीची गोष्ट आधी सांगून टाकतो.

मी जनावरांचा डॉक्टर. उभी नोकरी सरकारी दवाखान्यांत गेली. सुरुवात अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या वाड्यांमध्ये झाली आणि शेवट पाथर्डी तालुक्यात. निवृत्तीनंतर आम्ही नवरा-बायको तिसगावातच राहिलो. गावापासून थोडं पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, बौद्धिक अक्षम मुलांची एक निवासी शाळा आहे. वीस-बावीस मुलं, चार शिक्षिका, स्वयंपाकीण आणि मुलांचं न्हाणं-धुणं, जेवणखाण बघणाऱ्या एक मावशी. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई एकदा घरी आल्या. कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांनी पाहिलं होतं, की जनावरांच्या सहवासात अशी मुलं शांत होतात, बोलायला लागतात, हातांची हालचाल सुधारते. त्यांना शाळेत तसा उपक्रम सुरू करायचा होता. एक कुत्रा, दोन ससे, एक शेळी. मंगळवारी आणि शुक्रवारी तास. जनावरं तपासून द्यायला त्यांना माझी मदत हवी होती.

मला आनंद झाला. निवृत्त माणसाला कुणी कामाचं विचारलं की होतोच. पण पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, की जनावर मुलाजवळ येतं तेव्हा एकटं येत नाही. त्याच्या केसांत, लाळेत, शेणात, दुधात काय काय येतं ते डोळ्यांना दिसत नाही. आणि तुमची मुलं हात तोंडात घालतात, जनावराची पापी घेतात, कुठे दुखतंय ते सांगू शकत नाहीत. मग मी नियम लिहून दिले. तासाच्या आधी आणि नंतर कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे. अंगावर जखम असलेल्या मुलानं त्या दिवशी लांबूनच बघायचं. जेवणाच्या खोलीत जनावर नको. कच्चं दूध कुणीही प्यायचं नाही. कुत्र्याला कच्चं मांस द्यायचं नाही, रेबीजची लस चुकवायची नाही. नवीन जनावर आलं की तीन आठवडे वेगळं बांधायचं. गाभण जनावर ठेवायचं नाही. बाईंनी सगळं एका फलकावर रंगवून घेतलं आणि पडवीत टांगलं.

कुत्रा आणि ससे नीट तपासून घेतले. शेळी आली ती दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात. वरच्या अंगाला राहणाऱ्या एका शेतकऱ्यानं ती शाळेला दान दिली होती. त्याच्या घरची जनावरं मी पंधरा वर्षं पाहत होतो. शेळी काबरी, पाणीदार डोळ्यांची, अंगानं भरलेली. मी डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या, कास चाचपली, खूर पाहिले, दात मोजले, जंताचं औषध पाजलं. गाभण आहे का विचारलं तर तो नाही म्हणाला. महिनाभराचा गाभ हाताला कळत नाही. रक्त घ्यायला हवं होतं. सिरिंज पिशवीत होती. पण नमुना नगरच्या प्रयोगशाळेत न्यायचा, मग आठ-दहा दिवस वाट पाहायची, आणि बाईंनी तर दसऱ्याला उपक्रमाचं उद्घाटन ठरवून पाहुणे बोलावले होते. मला वाटलं, हा कळप माझ्या ओळखीचा आहे. पडवीतल्या टेबलावर कागद ठेवला आणि लिहिलं, ‘निरोगी’. तीन आठवडे वेगळं बांधायचा नियमही तिथेच मोडला.

शाळेत एक मुलगी होती, अकरा-बारा वर्षांची. बोलत नसे. कुणी अंगाला हात लावला की तळहातानं स्वतःच्याच कपाळावर मारत राही, इतकं की कपाळाला कायमचा काळसर डाग पडला होता. वेणी घालायची म्हणजे दोन बायकांनी धरावं लागे. पहिल्या तासाला ती भिंतीशी उभी होती. दुसऱ्या तासाला शेळीपासून दोन हातांवर बसली. महिनाभरानं मी गेलो तर ती शेळीच्या पोटाला कान लावून बसली होती, डोळे मिटून. शेळी रवंथ करत होती आणि मुलीचं डोकं त्या हालचालीबरोबर हलकेच वरखाली होत होतं. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला.

त्यानंतर मारणं कमी झालं. मावशी एकटीच तिची वेणी घालायला लागल्या. हात धुतल्याशिवाय शेळी भेटत नाही हे तिला इतकं पक्कं ठाऊक झालं, की मंगळवारी सकाळपासूनच ती नळाशी जाऊन बाह्या वर करून उभी राही. धुणं झालं तरी पुन्हा साबण मागे.

डिसेंबरात शेळीचं पोट दिसायला लागलं. मी हात लावून पाहिला. आत जीव होते. नियमाप्रमाणे त्याच दिवशी तिला परत पाठवायला हवं होतं. मी बाईंना तसं म्हणालो, पण माझ्या आवाजात जोर नव्हता, आणि त्यांनीही ते ओळखलं. त्या म्हणाल्या, व्यायल्यावर करडं बघून मुलं किती खूश होतील. मी त्या मुलीकडे पाहिलं. मग असं ठरवलं, की व्यायच्या पंधरा दिवस आधी शेळी माझ्या परसात न्यायची. म्हणजे नियम अर्धा पाळायचा. अर्धा पाळलेला नियम माणसाला पुरा पाळल्याचं समाधान देतो. मला तसंच वाटलं होतं.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. सकाळी आठच्या सुमारास बाईंचा फोन आला. शेळी गाभडली होती. व्यायला अजून महिना बाकी होता.

मी पोहोचलो तेव्हा शेड स्वच्छ होतं. ते तसं असायला नको होतं. मावशींनी पहाटेच सगळं आवरलं होतं. दोन मेलेली करडं आणि त्यांच्याबरोबर पडलेली वार उचलून घमेल्यात भरली, घमेलं मागच्या उकिरड्यात रिकामं केलं, मग खराट्यानं फरशी धुऊन काढली. ते पाणी उतारानं मेथीच्या वाफ्यात गेलं होतं. उकिरड्यावर कुत्रा उभा होता आणि त्याचं तोंड ओलं होतं.

मी मावशींना विचारलं, हातांत काही घातलं होतं का. त्यांनी हात पुढे केले. कामानं रापलेले, बोटांच्या पेरांना भेगा पडलेले हात. जानेवारीत आमच्याकडच्या बायकांचे हात असेच असतात.

“काय घालायचं? उघड्याच हातानं उचलली. जीवच ते, सायेब. फावड्यानं कसं उचलायचं?”

“हात कशानं धुतले?”

“राखेनं. चांगले घासून धुतले.”

कास तटतटली होती म्हणून त्यांनी शेळीचं थोडं दूधही काढलं होतं. ते काय केलं विचारलं तर म्हणाल्या, चहात घातलं आणि चांगलं उकळलं. त्या उकळण्यानं मला जरासा धीर आला. तेवढाच.

शेळ्या पुष्कळ कारणांनी गाभडतात. धक्का लागतो, चाऱ्यात काही जातं, निरनिराळे आजारही असतात. पण शेवटच्या दोन महिन्यांत गाभ जातो आणि वार जाड, चामड्यासारखी दिसते, तेव्हा माझ्या मनात आधी एकच नाव येतं, ब्रुसेला. कारण तो आजार मी स्वतः भोगलेला आहे. नोकरीच्या सुरुवातीला डोंगरातल्या एका वाडीवर गाईची अडकलेली वार मी उघड्या हातानं काढली होती. हातमोजे संपले होते आणि गाईचा मालक हात जोडून उभा होता. दोन महिन्यांनी संध्याकाळचा ताप सुरू झाला. येई, जाई, परत येई. घामानं गादी भिजे, आणि त्या घामाला ओल्या कडब्यासारखा वास येई. विषमज्वर म्हणून औषधं झाली, हिवताप म्हणून झाली, मग क्षयाचा संशय घेतला. खरं नाव सापडेपर्यंत वर्ष गेलं होतं. कंबर अजूनही पावसाळ्यात धरते.

त्या सकाळी मी गाडीतून हातमोजे काढले, कंबरभर खड्डा खणवला, उकिरड्यातलं सगळं त्यात टाकून वर कळीचा चुना ओतला. शेड आणि वाफा ब्लिचिंग पावडरनं भिजवला, मेथी उपटून पुरली. कुत्र्याला साखळीनं बांधला. शेळीचं रक्त घेतलं आणि तिला टेम्पोत घालून माझ्या परसातल्या जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवली. टेम्पो निघाला तेव्हा ती मुलगी खिडकीच्या गजांना धरून उभी होती. तिनं कपाळाला हात लावला नाही. नुसती बघत होती.

दुपारी मी तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. तिथला तरुण डॉक्टर माझ्या हाताखाली शिकलेला, आणि झटपट तपासणीचं द्रावण त्याच्याकडे नुकतंच आलं होतं. त्यानं काचेच्या पट्टीवर रक्तजलाचा थेंब ठेवला, शेजारी गुलाबी द्रावणाचा थेंब, आणि काडीनं दोन्ही एकत्र केले. चार मिनिटं थांबायचं असतं. दुसरं मिनिट पुरं व्हायच्या आत नासक्या दुधासारखे गुलाबी कण सुटे झाले. कण दिसले म्हणजे आजार आहे. त्यानं दुसरी पट्टी घेतली आणि पुन्हा केलं. पुन्हा तसंच. पक्क्या तपासणीसाठी नमुना पुण्याला पाठवला, पण ते कागदासाठी होतं.

शाळेत येऊन मी बाईंना सगळं सांगितलं. हा आजार माणसाला होतो. आठवड्यात दिसू शकतो, दोन-तीन महिन्यांनीही दिसू शकतो. जे शेळीजवळ गेले त्या सगळ्यांचा ताप रोज दोनदा मोजायचा. आरोग्य केंद्राला आणि पालकांना आजच कळवायचं. पालकांचं ऐकून त्या खुर्चीत मागे टेकल्या. म्हणाल्या, “सर, सांगितलं तर उद्या शाळा रिकामी होईल. ही मुलं घरी गेली की कोपऱ्यात बसतात हो. पुन्हा कुणी आणून सोडत नाही.”

त्या खोटं बोलत नव्हत्या. मी म्हणालो की चूक माझी आहे आणि पालकांना मी सांगतो. दोन दिवसांनी पडवीत सतरंजी टाकून पालकांना बसवलं. मी उभा राहून काय झालं ते सांगितलं, रक्त न तपासल्याचंही सांगितलं. कुणी ओरडलं नाही. एक वडील उठले, आत जाऊन मुलाची पेटी घेऊन आले आणि मुलाचा हात धरून चालू लागले. त्यांच्यामागे आणखी सहा जण गेले. बाकीचे बसून राहिले, आणि त्यांचे चेहरे पाहून मला वाटलं की त्यांना जायला जागा नसावी.

मग वाट पाहणं सुरू झालं. मी रोज संध्याकाळी शाळेत जायचो. बाईंनी वहीत रकाने आखले होते. मुलांची आणि मोठ्यांची नावं, सकाळचा ताप, संध्याकाळचा ताप. एखाद्या मुलाचं अंग जरा कोमट लागलं की आम्ही दोघं तिथेच थांबून पुन्हा मोजायचो. एकाला सर्दीचा ताप आला तर सगळी शाळा तीन दिवस त्याच्या खाटेकडे बघत होती. बाहेर हरभऱ्याची काढणी चालली होती, दिवस छान होते, आणि मला शेडच्या बाजूनं जाताना जमिनीकडे बघवत नसे. ओल्या सावलीच्या मातीत ते जंतू महिनोन्‌महिने टिकतात हे मी शेतकऱ्यांना आयुष्यभर सांगत आलो होतो.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी मी लवकर गेलो. हवेत गारवा होता. मावशी मुलांच्या चादरी वाळत घालत होत्या. वाकून उठताना त्यांनी कमरेवर हात दाबला आणि क्षणभर दोरीला धरून राहिल्या. त्यांच्या पोलक्याची पाठ भिजलेली होती. मी जवळ गेलो तसा तो वास आला.

वहीत त्यांच्या नावापुढे रोज ताप नाही असंच लिहिलेलं होतं. विचारल्यावर आधी काहीच न्हाई म्हणाल्या. मग कळलं, की बारा दिवसांपासून संध्याकाळी ताप येत होता. गावातल्या डॉक्टरानं विषमज्वर सांगून सलाईन लावलं होतं. मोजायची वेळ झाली की त्या थर्मामीटर नुसता हातात धरत आणि झटकून परत देत. ताप निघाला तर काम जाईल असं त्यांना वाटत होतं.

त्याच दिवशी मी त्यांना माझ्या गाडीतून नगरच्या सरकारी रुग्णालयात नेलं. करंजी घाट उतरताना त्यांनी काच खाली केली आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या. रुग्णालयाच्या ओसरीत आम्ही बाकावर बसून नंबराची वाट पाहत होतो. समोर एका बाईचं तान्हं सारखं रडत होतं. मला वाटलं, आता सांगितलं नाही तर कधीच सांगणं होणार नाही. पालकांच्या बैठकीच्या वेळी मावशी आत मुलांजवळ होत्या. मी म्हणालो, “मावशी, ती शेळी आली तेव्हा रक्त तपासायचं काम माझं होतं. मी ते केलं नाही. न तपासताच निरोगी म्हणून लिहून दिलं.”

मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मंग मलाबी एक सांगायचंय. त्या दिशी शेडात मी पयली गेल्ते न्हाई. माज्या आधी ती पोरगी हुती तितं.”

त्यांनी पुढं सांगितलं. पहाटे मुलगी अंथरुणात नव्हती म्हणून त्या शोधत गेल्या. ती शेडात बसली होती. दोन्ही करडं तिच्या मांडीवर होती आणि ती त्यांना फ्रॉकच्या घेरानं पुसत होती. फ्रॉक ओलाचिंब झालेला. मावशींनी करडं काढून घेतली, तिला नळाखाली नेऊन आंघोळ घातली, फ्रॉक चुलीत घातला. आणि कुणाला सांगितलं नाही, कारण मुलगी पहाटे दार उघडून बाहेर गेली याचा ठपका त्यांच्यावर आला असता.

“तिनं सोताहून साबन मागितला,” मावशी म्हणाल्या. “दोनदा, तीनदा. हात पुढं करून उबी. म्या आपली घासतच राह्यले.”

आतली डॉक्टर वयानं लहान होती. मी शेळीच्या रक्ततपासणीचा कागद तिच्यापुढे ठेवला आणि कशासाठी रक्त तपासायचं ते सांगितलं. तिनं कागद दोनदा वाचला. जनावराचा रिपोर्ट घेऊन पेशंटबरोबर कुणी आलेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. मावशींच्या रक्तात तेच निघालं. सहा आठवड्यांच्या गोळ्या आणि सुरुवातीला इंजेक्शनं. एक दिवसही चुकवायचं नाही, बरं वाटलं तरी थांबायचं नाही, हे तिनं मावशींना तीन वेळा सांगितलं आणि चौथ्यांदा मला.

मुलीचं रक्त घ्यायला दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राची परिचारिका शाळेत आली. शेळी गेल्यापासून मुलीनं वेणी घालू देणं बंद केलं होतं आणि कपाळावरचा डाग पुन्हा ओला झाला होता. सुईला ती किती लढेल या विचारानं बाईंनी दोन शिक्षिका उभ्या केल्या होत्या. परिचारिकेनं बाही वर करायला खूण केली. मुलीनं बाही केली, कोपरापर्यंत, आणि हात पुढे धरून शांत उभी राहिली. मग सुई टोचेपर्यंत, टोचल्यावरही, ती दाराकडे बघत होती. आम्हाला सगळ्यांनाच समजायला वेळ लागला. बाही वर केली म्हणजे शेळी येते, एवढंच तिला माहीत होतं. बाई बाहेर निघून गेल्या.

तिचं रक्त स्वच्छ निघालं. महिन्यानं पुन्हा तपासलं, तेव्हाही स्वच्छ. बाकीच्या मुलांनाही काही झालं नाही. शेवटचं रक्त तपासून झाल्यावर मी घरी येऊन आंघोळ केली आणि पडून राहिलो. आपण वाचलो ते शहाणपणानं नाही, हे कळलं की आनंद करता येत नाही.

शेळीचा निकाल मात्र ठरलेला होता. पुण्याचा कागद आला तोवर ती माझ्या परसातच होती. मी आत गेलो की मान वर करून बघायची. तिला विकणं म्हणजे आजार दुसऱ्याच्या दारात बांधणं. मीच इंजेक्शन दिलं. हजारो जनावरांना दिलं असेल, पण त्या दिवशी शीर सापडायला मला वेळ लागला. पुन्हा खड्डा, पुन्हा चुना. कुत्र्यालाही माझ्याकडे आणून तपासलं. त्याच्यात काही निघालं नाही, पण त्याला शाळेत परत आणलं नाही.

दान देणाऱ्या शेतकऱ्याकडे मी गोठा तपासायला गेलो, तेव्हा तो भेटला नाही. दुसऱ्यांदा गेलो तर पाहुण्याच्या गावी गेल्याचं सांगितलं. शेवटी एप्रिलमध्ये तो स्वतःच माझ्या ओट्यावर येऊन बसला. मागच्या वर्षभरात त्याच्या चार शेळ्या गाभडल्या होत्या. उन्हानं झालं असेल, कुणाची नजर लागली असेल, असं घरात चाललं होतं. शाळेला दिली ती कळपातली सगळ्यांत चांगली म्हणून निवडून दिली होती, हे त्यानं दोनदा सांगितलं. मी त्याच्यावर चिडलो नाही. चिडायचा हक्क मला नव्हता. मी विचारलं, बाकीच्या कुठे आहेत. तो म्हणाला, विकल्या, पाच, मिरजगावच्या एका व्यापाऱ्याला. कधी, तर दिवाळीच्या आसपास.

मावशींच्या गोळ्या तेव्हा संपत आल्या होत्या. ताप गेला होता, भूक परतली होती, गुडघा मात्र धरलेला होता. बाईंनी त्यांना पगारी रजा दिली होती आणि त्या तरीही रोज दुपारी येऊन त्या मुलीजवळ बसत. उपक्रम बंद आहे. मी नवीन नियम लिहून दिले आहेत, आणि त्यांत पहिला हा, की रक्ताचा कागद आल्याशिवाय जनावर फाटकाच्या आत येणार नाही, डॉक्टर कितीही ओळखीचा असो. बाईंनी ते वाचून घडी घालून ठेवले. पुन्हा सुरू करायचं धाडस त्यांना होईल की नाही, मला सांगता येत नाही.

मिरजगावला मी मे महिन्यात गेलो. त्या भागातल्या सरकारी दवाखान्याला आधीच कळवलं होतं, पण पाच शेळ्या कुठे शोधणार, असं तिथून उत्तर आलं. व्यापाऱ्याचं घर हायवेपासून आत, लिंबाच्या झाडाखाली होतं. माणूस सरळ वाटला. त्याला शेळ्या आठवत होत्या. दोन गाभण होत्या, त्या घरच्या दुधाला ठेवल्या. बाकीच्या वेगवेगळ्या बाजारांत गेल्या, कुणी घेतल्या ते कोण सांगणार. घरच्या दोन्ही गाभडल्या, मग काही दिवस दूध काढून त्यांनाही टेम्पोत घालून बाजारात नेलं. मी वहीत लिहून घेत होतो आणि लिहिण्यासारखं काहीच नव्हतं.

तेवढ्यात त्याची बायको पाणी घेऊन बाहेर आली. दुपारचं ऊन असं होतं, की पत्र्याकडे बघवत नव्हतं. तिनं अंगावर शाल घेतली होती. तांब्या ठेवून ती चौकटीला टेकली.

मी वही मिटली. त्याला विचारलं, वहिनींना बरं नाही का. तो म्हणाला, थंडीपासून चाललंय. तीन डॉक्टर झाले, विषमज्वराचा कोर्स झाला, थोडं बरं वाटतं आणि परत तेच.

मी तिच्याकडे वळून विचारलं, “ताप संध्याकाळी येतो का?”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“व्हय,” ती म्हणाली. “तुमाला कुणी सांगितलं?”

मी तिला ओट्यावर बसायला सांगितलं आणि त्या शेळ्यांचं दूध घरात कोण कोण प्यायलं होतं, ते एकेक करून विचारायला लागलो.